गाडी "बसते" म्हणजे नेमकं काय होतं? एअर सस्पेन्शन आणि गाडीची उंची

गेल्या गणपतीतली गोष्ट. आतेभाऊ मुंबईहून रात्री उशिरा आला, नवी म्हणजे त्याची नवी, सेकंडहँड घेतलेली मोठी जर्मन एसयूव्ही, खळ्यात लावली आणि झोपला. सकाळी मी दुर्वा काढायला बाहेर पडलो तर गाडीचा पुढचा डावा कोपरा पार खाली, टायर मडगार्डात घुसलेला, बाकी तीन कोपरे जिथल्या तिथे. आजी ओटीवरूनच म्हणाली, "म्हस बसते तशी बसलीय रे तुझी गाडी, आधी पुढचा गुडघा टेकलान." भाऊ धावत आला, गाडी चालू केली, मागून कुठूनतरी घर्रर्र आवाज आला आणि मिनिटभरात गाडी हळूहळू उठून सरळ उभी राहिली. वाडीतली पोरं टाळ्या वाजवत होती आणि भावाचा चेहरा मात्र पडलेला, कारण हे असं आठवड्यात तिसऱ्यांदा झालेलं.

मग दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याने आपापलं मत दिलं. कोण म्हणे टायरात हवा कमी, कोण म्हणे स्प्रिंग तुटली, एकाने तर हवेचा दाब वाढवून घे म्हणून सांगितलं, टायरवाल्याकडे पाच मिनिटांचं काम. हे शेवटचं जे आहे ना, दाब वाढवला की गाडी उंच होते, हा गैरसमज एवढा पसरलाय की शिकलेले मेकॅनिकसुद्धा तेच बोलतात. म्हणून म्हटलं, एकदा नीट लिहावं.

आधी साधी गाडी कशी उभी असते

कुठलीही गाडी चाकांवर थेट बसलेली नसते, मधे काहीतरी दबणारं असतं, तेच सस्पेन्शन. ट्रकला पाटे असतात, एकावर एक ठेवलेल्या लोखंडी कमानी. कारला बहुतेक गुंडाळलेली स्प्रिंग. दोघांचा स्वभाव एकच, वजन टाकलं की दबतात आणि वजन असेपर्यंत दबलेल्याच राहतात. त्यामुळे आंब्याच्या पेट्या भरलेला टेम्पो मागून बसलेला दिसतो, आणि वाशीला पेट्या उतरवून रिकामा परत येताना तोच टेम्पो असा उडत येतो की ड्रायव्हरचं डोकं टपाला लागायचं बाकी. पाटे भरल्या मालासाठी कडक बनवलेत, रिकाम्या गाडीला ते फारच कडक पडतात. मऊ बनवावेत तर भरल्यावर गाडी जमिनीला टेकेल. म्हणजे कंपनीने कुठेतरी मधे तडजोड करायची आणि आपण ती कंबरेत सोसायची.

एअर सस्पेन्शनमध्ये लोखंडाच्या जागी रबराची जाड पिशवी असते आणि तिच्यात दाबून भरलेली हवा. बसवाले तिला बलून म्हणतात, काही जण एअर बॅग म्हणतात (अपघातात तोंडासमोर फुगते ती वेगळी बरं का). मी इथे बलूनच म्हणणार.

हवेवर अडीच टनाची गाडी राहतेच कशी?

तशीच जशी ती टायरवर राहते. १८८८ साली डनलॉपने हवा भरलेला टायर आणला तेव्हापासून आपण हवेवरच चाललोय, फक्त तिकडे लक्ष जात नाही. हिशोब अगदी शाळेतला आहे, दाब गुणिले क्षेत्रफळ. बसच्या बलूनचं तोंड समजा २५ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ४९० चौरस सेंटीमीटर. आत ५ बार दाब, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ढोबळमानाने ५ किलो. गुणाकार करा, एक बलून जवळपास अडीच टन उचलतो. मागच्या एक्सलवर (चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर) असे चार असले की दहा टन झाले. भावाच्या गाडीत बलून लहान, १२ सेंटीमीटर धरा, ११३ चौरस सेंटीमीटर, आणि एका कोपऱ्यावर साधारण ६०० किलो, म्हणजे आत सव्वापाच-साडेपाच बार दाब लागतो. टायरमध्ये आपण सव्वादोन बारच्या आसपास भरतो, त्याच्या दुपटीहून जास्त.

ही हवा भरायला गाडीत स्वतःचा छोटा कॉम्प्रेसर असतो (तो घर्रर्र आवाज त्याचा), साठवायला टाकी असते आणि कुठल्या बलूनला हवा द्यायची, कुठल्याची सोडायची ते ठरवणारे व्हॉल्व्ह असतात. पंप, टाकी, नळ. घरातल्या पाण्यासारखंच, फक्त पाण्याऐवजी हवा.

दाब वेगळा, उंची वेगळी

आता जरा सावकाश वाचा, सगळी गंमत इथे आहे.

सायकलचा जुना पंप घ्या, उभा धरा, नळी बंद करा आणि हँडलवर एक चिरा (बांधकामाचा जांभा दगड) ठेवलाय असं समजा. चिरा थोडा खाली जाईल आणि थांबेल. का थांबला? आतल्या हवेचा दाब चिऱ्याच्या वजनाएवढा झाला म्हणून. आता त्याच पंपात बाजूने अजून थोडी हवा सोडली तर काय होईल? दाब वाढेल असं वाटतं. पण नाही, चिरा वर सरकेल आणि दाब होता तेवढाच राहील, कारण वर चिरा तोच आहे, त्याचं वजन वाढलेलं नाही. दाब वाढवायचा असेल तर दुसरा चिरा ठेवावा लागेल.

बलूनचं अगदी हेच. दाब किती ते गाडीचं वजन ठरवतं. उंची किती ते आत हवा किती कोंबलीय त्यावर ठरतं. भावाची गाडी खाली बसवलेली असो की पूर्ण वर उचललेली, माणसं तेवढीच असतील तर बलूनमधला दाब जवळपास सारखाच दाखवेल (बलूनच्या आकारामुळे थोडा इकडेतिकडे होतो, तो सोडून द्या). पाच माणसं, डिकीत तांदळाचं पोतं, नारळ आणि परतीची हापूसची पेटी धरून चारशे किलो वाढले की मात्र कोपऱ्याला १०० किलो जास्त, आणि दाब सव्वापाचावरून सव्वासहाच्या आसपास जातो, उंची तीच राहूनसुद्धा.

म्हणून दाबाचा काटा बघून गाडीची उंची ठरवणारा मेकॅनिक भेटला की मी गप्प चावी परत घेतो. उंची मोजायला टेप लागतो.

यातूनच दुसरा फायदा निघतो. वजन वाढलं की दाब वाढतो, दाब वाढला की बलून आपोआप कडक होतो, वजन उतरलं की मऊ होतो. पाट्यांना हे जमत नाही. त्यामुळे हवेची बस रिकामी असो की गच्च भरलेली, तिचं हेलकावणं साधारण एकाच लयीत असतं, सेकंदाला एक-दीड वेळा, पाळण्यासारखं. २००१ मध्ये व्होल्वोची बी-७-आर बस भारतात आली आणि लोक म्हणायला लागले की बसमध्ये झोप लागते, त्यामागे हे मोठं कारण. त्याआधी मुंबईहून गावी आलेला माणूस पहिला दिवस अंग चेपून घेण्यात घालवायचा.

पाण्याच्या टाकीतला बॉल

मग प्रश्न येतो, गाडीला कळतं कसं की आपण किती उंच आहोत? तिला जमीन दिसत नाही. तिला फक्त एक काडी कळते.

घराच्या टाकीतला बॉल कॉक आठवा. पाणी खाली गेलं की बॉल खाली, दांडी झुकते, नळ उघडतो, पाणी येतं, बॉल वर येतो, नळ बंद. प्लंबर पाण्याची पातळी कमी-जास्त कशी करतो? दांडी जरा वाकवतो, बस्स. गाडीत चासीवर (गाडीच्या सांगाड्यावर) एक व्हॉल्व्ह असतो, त्याला आडवा छोटा हात, आणि त्या हातापासून खाली एक्सलपर्यंत एक उभी काडी, तिला लिंक रॉड म्हणतात. माणसं चढली, चासी खाली आली, काडीने हात वर ढकलला, व्हॉल्व्ह उघडला, बलूनमध्ये हवा गेली, चासी उठली, हात आडवा झाला, व्हॉल्व्ह बंद. माणसं उतरली की उलटं, चासी वर, हात खाली, हवा फुस्स करून बाहेर. बस स्टँडवर उभी असताना तो फुस्स ऐकू येतो ना, तो बरेचदा हाच असतो (काही वेळा ब्रेकचा किंवा दाराचा असतो, सगळंच या व्हॉल्व्हच्या नावावर नको).

पण मग दर खड्ड्याला हवा आत-बाहेर होणार का? आणि आपल्या हायवेवर तर काय बघायलाच नको. तसं होऊ नये म्हणून हात आडवा असतानाच्या आसपास थोडी मोकळीक ठेवलेली असते, त्या टप्प्यात व्हॉल्व्ह काहीच करत नाही, आणि काही व्हॉल्व्ह मुद्दाम काही सेकंद उशिरा जागे होतात. खड्डा येऊन गेलेला असतो तोवर. खड्ड्याचा धक्का बलून आणि शॉक ॲब्सॉर्बर खातात, उंचीचा व्हॉल्व्ह फक्त बसलेली माणसं मोजतो असं म्हणा ना.

तीन दगडांची चूल

आमच्या वाडीत एक काका आहेत, आधी एसटीत मेकॅनिक होते, मग मुंबईत प्रायव्हेट बसवर. त्यांनी सांगितलेली ही गोष्ट मला फार आवडली. बसला चाकं सहा किंवा आठ, बलून सहा-आठ, पण उंचीचे व्हॉल्व्ह बहुतेक तीनच. पुढे एक, मागे दोन. का? "चूल तीन दगडांचीच का मांडतात?" काकांचा उलटा प्रश्न. चार पायांचं टेबल एक पाय आखूड असला की डुगडुगतं, तीन दगड कसेही मांडले तरी भांडं डुगडुगत नाही. चार व्हॉल्व्ह लावले तर एक हवा भरणार, समोरचा सोडणार, त्यांची आपसातली भांडणं संपायची नाहीत.

बसची उंची लावणं म्हणजे त्या काडीची लांबी लावणं. काकांची पद्धत अशी. बस सपाट जागी, टायरची हवा बरोबर, गाडीच्या टाकीत पूर्ण दाब भरलेला, चाकांना अडण्या. मग एक्सलच्या मध्यापासून चासीच्या खालच्या कडेपर्यंत टेपने मोजायचं आणि कंपनीच्या आकड्याशी ताडायचं. कमी भरलं तर काडीचा चेकनट (तिला जागेवर धरणारा नट) ढिला करून काडी लांबवायची, जास्त भरलं तर आखडायची. काडी ५ मिमी लांबली की चासी साधारण ५ मिमीच उठते, सोपं गणित. मग लगेच मोजून खूश व्हायचं नाही, बलूनमधली थोडी हवा सोडून परत भरू द्यायची, गाडी स्वतःहून जिथे येऊन थांबेल तिथे दुसऱ्यांदा मोजायचं, कारण सगळ्या बुशांमध्ये (सांध्यांतल्या रबरांमध्ये) थोडं अडकलेपण असतंच. चेकनट आवळायला विसरलात तर घाटातल्या हादऱ्यांनी काडी स्वतःच फिरते आणि देवरुखला पोचेपर्यंत बस तिरकी.

सपाट जागा हे ऐकायला सोपं वाटतं. कोकणात सपाट जागा शोधणं हेच अर्धं काम आहे, रस्ता एकतर चढ नाहीतर उतार, खळं पण पाणी जायला उताराचंच असतं. काका गवंड्याची लेव्हलची नळी वापरतात, पारदर्शक नळीत पाणी, दोन्ही टोकांना पाणी एका रेषेत आलं की जमीन सपाट. लेझर बिझर काही नाही.

आणि एवढा खटाटोप दिसण्यासाठी नसतो. उंची चुकली की इंजिनाकडून मागच्या एक्सलला जाणाऱ्या फिरत्या शाफ्टचा कोन चुकतो, मग एका ठराविक वेगाला सीटखाली गुणगुण सुरू होते, लोक टायर बॅलन्सिंग करत बसतात आणि जॉइंट खाल्ले जातात.

कारमध्ये काडी तीच, पण मधे कॉम्प्युटर

कारमध्ये बॉल कॉकच्या जागी सेन्सर असतो. काडी तशीच असते, बोटाएवढी, प्लॅस्टिकची नाहीतर पातळ लोखंडाची, पण ती व्हॉल्व्ह उघडत नाही, फक्त सेन्सरचा हात फिरवते, सेन्सर तो कोन कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर हुकूम सोडतो की पुढच्या डाव्याला हवा द्या. याचा फायदा म्हणजे उंची एकच नसते, ड्रायव्हर बटणाने बदलू शकतो, आणि हायवेवर वेग वाढला की गाडी स्वतःहून खाली येते, खालून वारा कमी जातो, पेट्रोल वाचतं, वळणावर कमी झुकते.

पण कॉम्प्युटरला कोन कळतो, मिलिमीटर कळत नाहीत. हा कोन म्हणजे इतकी उंची, हे त्याला कोणीतरी एकदा शिकवावं लागतं. त्याला कॅलिब्रेशन म्हणतात. गाडी सपाट जागी, चारही कोपऱ्यांवर चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायचं (जमिनीपासून नाही, कारण मग टायर झिजलेला आहे की नवा आहे त्याने आकडा बदलतो), आणि ते चार आकडे स्कॅनरने (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने) गाडीत भरायचे. मेकॅनिकने चुकीचा आकडा भरला तर गाडी आयुष्यभर इमानदारीने वाकडी उभी राहील आणि डॅशबोर्डवर एकही दिवा लागणार नाही, कारण तिच्या मते ती सरळच आहे.

असंच काहीसं भावाच्या गाडीचं झालं, पण ते पुढे सांगतो.

पण वर-खाली करायचं तरी कशाला?

मला पण आधी हे श्रीमंतांचे चोचले वाटायचे. मग मी भावाबरोबर दाभोळ-धोपावे फेरीबोटीने गेलो. ओहोटी होती. फेरीचं फळकूट धक्क्याच्या उतारावर टेकतं तिथे दोन उतार एकमेकांना भेटतात आणि मधे उंचवटा होतो, पुढची चाकं फेरीत, मागची धक्क्यावर, आणि पोट बरोबर त्या उंचवट्यावर. लांब गाड्यांचं पोट इथेच घासतं. याचं गणित पण सोपं आहे, दोन चाकांमधलं अंतर २.९ मीटर आणि पोटाखाली २०० मिमी जागा असेल तर गाडी साधारण १६ अंशांचा उंचवटा पोट न घासता ओलांडते. तीच ७५ मिमी उचलली की २१ अंशांच्या पुढे जाते. लँड रोव्हर डिफेंडर खडबडीत रस्त्याच्या सेटिंगला ७५ मिमीच उचलते, आणि माणसांना चढायला-उतरायला ५० मिमी खाली पण बसते. भावाने बटण दाबलं, गाडी उठली, फेरीवरचा पोरगा म्हणाला "या, या, या, बिनधास्त," आणि काही घासलं नाही. आमच्या मागच्या सेडानवाल्याने मात्र तीन माणसं उतरवली.

खाली बसण्याचा फायदा आजीला कळला. तिचे गुडघे गेलेत, एरवी मोठ्या गाडीत चढताना दोघांनी हात द्यावा लागतो. शहरातल्या लो-फ्लोअर बसमध्ये पण हेच असतं, काही बस स्टॉपला दाराची बाजू खाली झुकवतात.

आणि हे काही नवीन खूळ नाही. फ्रान्समध्ये सिट्रोएनने १९५५ सालीच डीएस नावाची कार आणली, ती बंद असताना खाली बसायची आणि चालू केली की उठून उभी राहायची. तिच्यात नायट्रोजन आणि तेल दोन्ही होतं, म्हणजे निव्वळ हवा नव्हे, पण कल्पना तीच.

मग कायम वरच ठेवू ना, खड्डे कुठे संपतात?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. दोन-तीन गोष्टी होतात. गाडीचं वजन जमिनीपासून उंच गेलं की ती वळणावर जास्त झुकते, आणि आंबा घाटात तुम्हाला ते नकोय. दुसरं, पूर्ण वर उचललेल्या गाडीचं चाक आधीच खाली लोंबत असतं, त्याला अजून खाली जायला जागाच उरत नाही, मग खड्ड्यात चाक जाताना शॉक ॲब्सॉर्बर टोकाला आपटतो. म्हणून उंच ठेवलेली गाडी उलट जास्त धडधडते, लोकांना वाटतं उंच म्हणजे मऊ. तिसरं, चाकांना ताकद देणारे शाफ्ट वाकड्या कोनात फिरतात, टायर एका बाजूने झिजतात. ठराविक वेगानंतर बऱ्याच गाड्या स्वतःच खाली येतात त्या याचसाठी. स्पीड ब्रेकरसाठी म्हणाल तर नियमाप्रमाणे बांधलेला स्पीड ब्रेकर १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्याला कुठलीच गाडी घासत नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीने रात्रीत घातलेला जो असतो त्याच्यासाठी मात्र बटण दाबा, हरकत नाही.

पुराच्या पाण्यातून जाईल का?

नाही. म्हणजे डिफेंडरसारख्या गाडीला कंपनी ९०० मिमी पाणी चालेल म्हणून सांगते, ते खरंय, पण ते गाडीत पाणी घुसण्याबद्दल आहे, वाहत्या पाण्याच्या ताकदीबद्दल नाही. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगून सरकू शकते आणि दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. तुम्ही ७५ मिमी उचलता म्हणजे तीन इंच. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत माणूस बुडेल एवढं पाणी होतं, तिथे तीन इंचांचं काय करणार. मोरीवरून पाणी जातंय तर गाडी अलीकडे लावा, चहा प्या.

काडी बदलून गाडी खाली बसवतात ते?

हो, हे आता फार चाललंय. बाजारात आखूड-लांब काड्या मिळतात, मूळ काडी काढून ती लावली की सेन्सरला वाटतं गाडी उंच झाली, कॉम्प्युटर हवा सोडतो, गाडी खाली बसते, मस्त दिसते, फोटो येतात. खर्च कमी, काम अर्ध्या तासाचं. म्हणजे टाकीतला बॉल दोरीने वर बांधून ठेवल्यासारखं. पण आता गाडीचा सगळा हिशोब चुकलेला असतो, बलून गरजेपेक्षा जास्त घडी होऊन चालतो आणि रबर त्या घडीवरच आधी चिरतं. वर कायद्याचा भाग, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या गाडीत फेरफार करण्यावर बंधनं घालतं, आणि उद्या अपघात झाला तर विमा कंपनीला बोट दाखवायला जागा मिळते. मी सांगितलं म्हणून पोरं ऐकणार नाहीत, माहितीय.

आपल्या दमट हवेत टिकतं का हे?

टिकतं, पण काळजी घेतली तर. कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, आपली हवा म्हणजे जून ते सप्टेंबर अर्धं पाणीच. हवा दाबली की त्यातलं पाणी वेगळं होतं. म्हणून वाटेत एक ड्रायर असतो, त्यात सिलिका जेलसारखे दाणे, नव्या बुटांच्या खोक्यात पुडी निघते तेच. दाणे भरले की पाणी पुढे व्हॉल्व्हमध्ये जातं, गंज धरतो, व्हॉल्व्ह चिकटतात. बसमध्ये टाकीच्या तळाला ड्रेनचा नळ असतो, जुने ड्रायव्हर तो सोडून पाणी काढतात, तेलकट पाण्याची चूळ येते बाहेर. कारमध्ये असा नळ सहसा नसतो, ड्रायर वेळच्या वेळी बदलणं एवढंच. किनाऱ्यावर खारं वारं वायरींचे कनेक्टर आणि काडीच्या टोकांचे गोळे खातं, ते धुवून बघत राहायचं.

सगळ्यात मोठा शत्रू बारीक गळती. रात्री थोडी हवा गेली, सकाळी कॉम्प्रेसरने भरली, तुम्हाला वाटतं काही बिघडलेलं नाही. पण कॉम्प्रेसर थोडा वेळ चालायला बनवलेला असतो, सतत चालला तर तापतो, आधी स्वतःला बंद करतो आणि एक दिवस जळतो. गळका नळ दुरुस्त न करता टाकीचा पंप चालवत ठेवल्यासारखं. बलून वेळेवर बदलला तर कॉम्प्रेसर वाचतो, पण लोक बलून वाचवायला जाऊन दोन्ही घेतात.

मग सरळ स्प्रिंग टाकून मोकळं व्हावं का?

जुन्या गाड्यांना तसे किट मिळतात. गाडी जुनी, किंमत उतरलेली, जवळ जाणकार गॅरेज नाही, तर मी त्याला मूर्खपणा म्हणणार नाही. पण उंची गेली, भरल्या-रिकाम्या गाडीचा सारखेपणा गेला, कॉम्प्युटर कायम बोंबलत राहतो जोपर्यंत कोणी त्याला नीट समजावत नाही, आणि विकताना घेणारा पहिला तोच प्रश्न विचारतो. गाडी नवी असेल तर नको.

भावाच्या गाडीचं काय झालं

काकांनी बादलीत साबणाचं पाणी केलं, ब्रशने पुढच्या डाव्या बलूनवर फासलं आणि म्हणाले, "आता बघ." घडीच्या जागी, जिथे रबर दुमडून परत वर येतं, तिथे बारीक बुडबुड्यांची माळ उठायला लागली, माशाच्या तोंडातून येते तशी. हात गाडीखाली घालायच्या आधी त्यांनी मेनूतून जॅक मोड चालू करून घेतला, म्हणजे गाडी स्वतःहून वर-खाली होत नाही, आणि चासीखाली स्टँड लावला. नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली काका जात नाहीत, तुम्हीही जाऊ नका, बलून फुटला तर ओरडायला पण वेळ मिळत नाही.

विसर्जनानंतर भावाने मुंबईत एका गॅरेजमध्ये नवा बलून टाकला. गाडी बसायची थांबली, पण आता डावीकडे उंच दिसायला लागली, आणि समोरचे सगळे डिपर मारायचे कारण डावा लाईट डोळ्यात. गॅरेजवाला म्हणाला नवा बलून आहे, सेट होईल. दोन महिने झाले, सेट काही होईना. दिवाळीला गावी आला तेव्हा काकांनी टेप काढला, नळी लावली आणि चार आकडे कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिले. पुढे उजवा आणि मागचे दोन्ही बरोबर, पुढे डावा १८ मिमी जास्त. बलून बदलताना सेन्सरची काडी काढलेली होती, परत लावताना सेन्सरचा हात दात्यावर एक घर पुढे बसला होता, आणि कॅलिब्रेशन कोणी केलंच नव्हतं. बलून, कॉम्प्रेसर, दाब, सगळं चोख होतं. रत्नागिरीत स्कॅनरवाल्याकडे हात जागेवर बसवून चार आकडे भरले, चहा यायच्या आत गाडी डावीकडून हळूच खाली आली.

तो कालनिर्णयचा कागद भावाने फाडून गाडीच्या कप्प्यात ठेवलाय. होळीला आला तेव्हा परत मोजलं, ३ मिमीचा फरक होता. काका म्हणाले, "तेवढा माझ्या खांद्यांत पण आहे."